सरासरीत न दिसलेली तीस चित्रं

सिद्धनाथनं कंप्युटरचं कॅबिनेट घोंगडीत गुंडाळून, मोटरसायकलला बांधून आणलं होतं. दुकानाच्या काउंटरवर ठेवताना त्यानं आधी खाली हात घातला, मग घोंगडी अलगद ओढून घेतली आणि काचेवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. विकायला आणलेली वस्तू कुणी इतकी जपून ठेवत नाही, असं धनश्रीला वाटलं.

"याला गिऱ्हाईक बघ," तो म्हणाला.

"का रे? शनिवारी दुसरी चाचणी आहे ना तुझी?"

"न्हाई देत. शेफालीताईला कळवलं मी काल."

"आणि करणार काय?"

"पानशेतला एका हॉटेलात गाडीवर ड्रायव्हर पायजे. पुण्याची माणसं येत्यात शनवार-रविवार. एक तारखेपासनं ये म्हणलेत."

आतल्या टेबलावर प्रिंटर उघडून बसलेले हनुमंतशेठ तिथूनच ओरडले, "काय गड्या, लढाईच्या आधीच हत्यारं विकाय काढली?"

"हत्यार झकास हाय, शेठ. चालवणाराच मंद निघाला." सिद्धनाथ हसला. मग धनश्रीकडे वळून आवाज उतरवून म्हणाला, "डोळं बी तपासून आलो. डाक्टर म्हणला, लांबचं झकास, जवळचं बी झकास. म्हंजे डोळ्यात खोट न्हाई. डोक्यातच हाय. तू म्हणलीच हुतीस की."

धनश्रीनं पावतीपुस्तक पुढे ओढलं, त्यात काही लिहायचं नव्हतं, म्हणून परत मागे सारलं.

"ठेवून जा," ती शेवटी म्हणाली. "विकायच्या आधी तपासावं लागेल."

तो गेला. वरंधा घाटाच्या अंगाला हिर्डोशीच्या वर त्यांचा वाडा होता, पाच-सात घरांचा. शेळ्या आणि दोन म्हशी. भोरला तो आतेबहिणीकडे एक खोली घेऊन राहायचा, कारण वर वाड्यावर फोनची रेंजसुद्धा एका खडकावर चढल्याशिवाय मिळत नसे, मग इंटरनेटचं नावच नको. आता ती खोलीही तो सोडणार होता.

धनश्री आंबवड्याची. अकरावी-बारावीला भोरच्या कॉलेजात दोघं एका बाकावर होते. पुढे ती पुण्याला जाऊन भौतिकशास्त्रात एमएस्सी झाली आणि संशोधनाला प्रवेश मिळेपर्यंत हनुमंतशेठच्या दुकानात काम करू लागली. सिद्धनाथ बारावीनंतर शेळ्यांमागे गेला, आणि शेळ्यांमागे बसल्या बसल्या मोबाईलवर नेमबाजीचा खेळ खेळू लागला. तो असा खेळला की पुण्यातल्या एका संघाची कप्तान, शेफाली, हिनं त्याला शोधून काढलं. पण संघ मोबाईलवर खेळत नव्हता, कंप्युटरवर खेळत होता. "दोन चाचण्या घेईन, घरूनच दे," शेफालीनं सांगितलं होतं. "पण मशिन नीट पाहिजे."

मग सिद्धनाथच्या आईनं, कोंडाबाईनं, त्याच्या नावानं वाढवलेल्या बारा शेळ्या बाजारात गेल्या, आणि तो धनश्रीसमोर येऊन बसला. "मला यातलं काय कळत न्हाई. तू म्हणशील ते," असं म्हणून त्यानं खिशातला पैशांचा रुमाल सोडला.

तू म्हणशील ते. या तीन शब्दांनी तेव्हा धनश्रीला केवढं बरं वाटलं होतं.

तिनं वहीत दोन याद्या केल्या होत्या, अ आणि ब. मॉनिटर दोन्हीत एकच: साधा फुल एचडी, पण सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवू शकणारा. ते बरोबरच होतं. असले खेळाडू पडद्याच्या बारकाईपेक्षा वेग बघतात. फरक होता तो हिशेब करणाऱ्या प्रोसेसरमध्ये आणि चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डात. यादी अ मध्ये प्रोसेसर चांगला आणि कार्ड मध्यम. यादी ब मध्ये प्रोसेसर बेताचा आणि कार्ड मोठं, बारा जीबी मेमरीचं.

कुणी परक्यानं विचारलं असतं, तर तिनं डोळे मिटून अ सांगितली असती. पडद्यावर टिंबं कमी, म्हणजे कार्डाला काम कमी. सेकंदाला चित्रं जास्त, म्हणजे प्रोसेसरला काम जास्त. त्यात अवघड काहीच नव्हतं.

पण तिला स्वतःला बारा जीबीचं कार्ड हवं होतं. घाटातल्या डोंगरउतारांच्या फोटोंवरून कुठली दरड सुटायला आलीय हे ओळखणारा एक प्रोग्रॅम ती लिहीत होती. संशोधनाच्या मुलाखतीत दाखवायला त्याचे निकाल हवे होते. तो प्रोग्रॅम शिकवायला मोठ्या मेमरीचं कार्ड लागे, आणि तसं कार्ड तिला परवडत नव्हतं. सिद्धनाथ आठवड्यातले तीन दिवस वर वाड्यावर असे. "तू नसताना मी मशिन वापरलं तर चालेल?" असं तिनं रीतसर विचारलंही होतं. "वापर की! ते काय म्हैस हाय व्हय, आटायला?" तो म्हणाला होता.

त्याला दाखवली फक्त यादी ब. अ चं पान तिनं उलटून वहीच मिटली. "गेमिंगमध्ये कार्ड सगळ्यात महत्त्वाचं," ती म्हणाली. हे वाक्य खोटं नव्हतं. इतक्या ठिकाणी इतक्या वेळा छापलेलं होतं की बोलताना तिची जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पहिल्या आठवड्यातच तो तक्रार घेऊन आला होता. "धने, गर्दी झाली की माणसं पाऊल चुकवत्यात."

"म्हणजे?"

"म्हंजे चालता चालता एक पाऊल गायब. हितनं एकदम तितं. लंगडी शेळी कशी चालती, तसं. पलीकडच्या कड्यावरनं बी मला कळतं ना, कुठली शेळी पाय टाकताना कचरती? तसंच दिसतंय."

तिनं त्याला आकडा दाखवला. एका मिनिटाचा खेळ मोजून पडद्यावर आलं होतं: सरासरी, सेकंदाला एकशे एक्केचाळीस चित्रं. "एकशे चव्वेचाळीसपैकी एकशे एक्केचाळीस! आणखी काय पाहिजे? मोबाईलवरून आलायस, डोळ्यांना आणि डोक्याला सवय लागायला वेळ लागतो."

"म्हंजे माझ्यातच खोट हाय?"

"खोट नाही रे. सवय."

त्यानं मान डोलावली होती. पुढच्या पंधरवड्यात तो भोरला असेल त्या दिवशी आठ-आठ तास खेळला, डोळ्यांत थेंब घालून खेळला, आणि पहिल्या चाचणीत पडला. शेफालीनं कळवलं: एकटा असताना अप्रतिम, गर्दीत उशीर होतो.

आता दुकानात, दुपारच्या सुस्तावलेल्या वेळेला, धनश्रीनं ते मशिन जोडलं. या वेळी तिनं सरासरी मागितलीच नाही. त्याच्याच मिनिटाभराच्या खेळाची नोंद पुन्हा चालवून, प्रत्येक चित्र यायला किती वेळ लागला त्याचा आलेख काढला. हे तिला पहिल्या दिवशीही येत होतं. पुण्याला एमएस्सी करताना पहिल्या वर्षाच्या पोरांना ती हेच शिकवायची: नुसत्या सरासरीवर जाऊ नका, मोजमापं कशी पसरलीत ते बघा.

मिनिटाभरात आठ हजार चारशेच्या वर चित्रं. जवळजवळ सगळी सात मिलिसेकंदांच्या सपाट रेषेवर. आणि त्या रेषेतून वर गेलेले काटे. तिनं मोजले. तीस. त्यातलं एकेक चित्र पन्नास मिलिसेकंदांनी आलेलं, म्हणजे सातपट उशिरा. सगळेच्या सगळे तीस काटे तिथं होते जिथं पडद्यावर पाचाहून जास्त माणसं एकत्र आली होती. तेवढ्या वेळात प्रोसेसर शंभर टक्के दमलेला, आणि ते थोरलं कार्ड चाळीस टक्क्यांवर जांभया देत बसलेलं.

त्याचा डोळा चुकला नव्हता. आठ हजारांत तीस लंगडी पावलं त्यानं नुसत्या नजरेनं पकडली होती, आणि तिच्या बोलण्यावरून तो डोळे तपासून आला होता.

"काय झालं गं?" हनुमंतशेठनी विचारलं. "चेहरा उतरला एकदम."

"काही नाही. शेठ, हे मोठं कार्ड परत घ्याल का? त्याच्या बदल्यात आठ जीबीचं कार्ड, आणि याच मदरबोर्डावर बसणारा वरचा प्रोसेसर द्या."

"गिऱ्हाईकानं सांगितलंय?"

"मी सांगतेय ना."

"तुम्ही म्हणजे काय, म्याडम, शास्त्रज्ञ," असं म्हणून त्यांनी खोका काढून दिला.

कार्ड काढण्याआधी तिनं आपला प्रोग्रॅम त्या मशिनवरून उतरवून घेतला. तो निम्म्यावर शिकला होता. मुलाखत तीन आठवड्यांवर होती. जे केलं त्याची एवढी किंमत मोजलीच पाहिजे, असं तिला वाटलं आणि त्या वाटण्यानं थोडं हलकंही वाटलं. प्रोसेसर बसवून तिनं पुन्हा मोजलं. काटे गेले. रेष सपाट.

बुधवारी सकाळच्या एसटीनं ती हिर्डोशीला निघाली. धरणाच्या पाण्याकडेनं गाडी वळणं घेत होती. भात निघालं होतं, खाचरांत नुसती धसकटं. ती मनात वाक्यं जुळवत होती. 'मशिनमध्ये थोडा असमतोल होता, तो मी दुरुस्त केला.' हे वाक्य तिला फार आवडलं. त्यात तिचं नाव दुरुस्तीपाशी येत होतं, चुकीपाशी नाही. उतरेपर्यंत तिनं ते तीनदा घोकलं, आणि गावाबाहेरच्या पायवाटेनं चढू लागली.

वाड्यावर कोंडाबाई अंगणात नाचणी पाखडत होती.

"अगं बया, ही तर आंबवड्याची धना! चालत आलीस? बस. सिद्ध्या पल्याड पाण्यावर हाय, येईल." तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि शेजारीच टेकली. "बरं झालं बाई आलीस. त्यो लई मनाला लावून घेतोय. म्या म्हणलं, न्हाई जमलं तर न्हाई जमलं. पर तू सोताहून मिशिन जोडून दिलंस, त्याला बोलावून बोलावून शिकवलंस, तुझं उपकार कुठं फेडू? त्यो म्हणतो, धनाची काय बी चूक न्हाई, माझंच डोकं जड हाय."

धनश्रीनं तांब्या घाईनं तोंडाला लावला.

सिद्धनाथ वर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक करडू होतं. तिला पाहून तो थबकला. "मिळालं गिऱ्हाईक? एवढ्या लवकर?"

"नाही. चल, जरा तिकडं बसू."

गोठ्यामागच्या दगडावर बसल्यावर तिनं तयार केलेलं वाक्य म्हटलं. मग आलेखाचा कागद उलगडून त्याच्या हातात दिला. त्यानं तो बराच वेळ पाहिला. काट्यांवरून अंगठा फिरवला.

"हे काटं म्हंजे पाऊल चुकलेलं?"

"हो."

"तीस?"

"तीस."

"म्हंजे म्या बरोबर बघत हुतो." त्याचा चेहरा असा उजळला की तिला तिथून पळून जावंसं वाटलं. "आये! अगं आये, माझं डोकं ठीक हाय म्हणं!" तो अंगणाकडे ओरडला. तिकडून कोंडाबाईचा आवाज आला, "कोण म्हणतंय?"

मग त्यानं कागद दुमडला.

"पर धने, तू तर लई शिकलेली. तुला पयल्या दिशी न्हाई व्हय कळलं?"

आता त्या पहिल्या वाक्यामागे लपता येत नव्हतं.

"कळलं असतं. मी बघितलं नाही," ती म्हणाली. "आणि बघितलं नाही, कारण... दोन याद्या होत्या, सिद्धू. तुला एकच दाखवली. तुझ्यासाठी दुसरी बरोबर होती. मोठं कार्ड मला पाहिजे होतं, माझ्या कामाला."

करडू त्याच्या मांडीवरून उतरून तिची ओढणी चघळू लागलं. तिनं ती सोडवून घेतली नाही.

"दरडीच्या कामाला?"

"हं."

"मग तसं म्हणायचं की. म्हणली असतीस, सिद्ध्या, दरडीचं काम हाय, मोठं कार्ड घेऊ, तर म्या न्हाई म्हणलो असतो व्हय?" तो ओरडला नाही, हीच पंचाईत होती. "डोळ्यात थेंब घालत हुतो मी पंधरा दीस. हितं आलो की आई धरायची डोकं."

"मी बदललंय आता," ती घाईनं म्हणाली. "कार्ड परत दिलं, प्रोसेसर वरचा टाकला. काल मोजलं. एकही काटा नाही. तू शनिवारी..."

"कुणाला इचारून बदललंस?"

तिनं करडाच्या तोंडातून ओढणी हळूच ओढून घेतली.

"परत मला न इचारताच," सिद्धनाथ म्हणाला. "घेताना बी तूच ठरवलंस, दुरुस्त करताना बी तूच. मशिन माझं हाय का तुझं?"

काल कार्ड उपसताना आलेला हलकेपणा तिला आठवला आणि त्याचीच लाज वाटली.

"समजून सांग," तो म्हणाला. "सगळं. मग म्या ठरवतो, कसं ठेवायचं ते."

तिनं सांगायला सुरुवात केली. प्रोसेसर काय करतो: कोण कुठं उभं आहे, गोळी कुणाला लागली, हे दर चित्राआधी ठरवतो. कार्ड काय करतं: प्रोसेसरनं ठरवलेलं पडद्यावर टिंबाटिंबानं रंगवतं. रेझोल्यूशन म्हणजे एकूण टिंबं किती. सिद्धनाथ मध्येच थांबवत होता, मागे नेत होता. कॉलेजात तो कधी एवढे प्रश्न विचारताना तिनं पाहिला नव्हता. की तिनंच कधी वाट पाहिली नव्हती.

"म्हंजे धार काढणारा एकटा," तो शेवटी म्हणाला, "अन् दूध पोचवणारी धा माणसं दारात उभी. दूधच न्हाई तर ती काय पोचवणार?"

"अगदी तसंच."

"अन् पडदा मोठ्या रेझोल्यूशनचा घेतला तर?"

"तर पोचवायची घरं वाढली. ती दहा माणसं कामाला लागतील, चित्र देखणं दिसेल. पण धार काढणारा तेवढाच. गर्दीत पाऊल चुकायचंच."

"अन् धार काढणारे धा ठेवले, पोचवणारा एक?"

"तर पोचवणाऱ्यामुळं सगळंच उशिरा. म्हणून प्रोसेसर, कार्ड, पडदा, तिन्ही एकमेकांना बघून घ्यायचं, आणि कशासाठी घ्यायचं ते आधी ठरवायचं."

तो डोंगराकडे पाहत राहिला. "राहू दे मग तू केलंयस तसं," तो म्हणाला. "तू केलंस म्हणून न्हाई. मला पटलं म्हणून."

"मग शनिवारी बसशील?"

"म्या तर नगं म्हणून कळवलंय. आता मी फोन केला तर ताई म्हणल, पोरगं मशिनवर खापर फोडतंय. सगळेच फोडत्यात." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू कर. कार्ड कशापायी मोठं घेतलं, ते बी सांगायचं."

खडकावर रेंज होती. दोघं चढून गेले. खाली खाचरांचे तुकडे आणि लांब धरणाचं पाणी. धनश्रीनं फोन लावला आणि सिद्धनाथनं बोट पुढे करून स्पीकर चालू केला.

शेफालीचा आवाज घाईचा होता. धनश्रीनं स्वतःची ओळख दिली, आलेखाचं सांगितलं, तीस काटे, पन्नास मिलिसेकंद. आकडे सांगताना तिचा आवाज स्थिर होता.

"एक मिनिट," शेफाली म्हणाली. "फुल एचडीवर खेळायचं माहीत असताना तुम्ही एवढं मोठं कार्ड आणि असला प्रोसेसर का दिलात? हे तर नवख्यालाही कळतं."

इथं सांगता आलं असतं की तेव्हा माहीत नव्हतं. सिद्धनाथ पाण्याकडे तोंड करून उभा होता.

"मला कळत होतं," धनश्री म्हणाली. "कार्ड मला माझ्या कामासाठी वापरायचं होतं. त्याला मी सांगितलं नाही. त्यानं पहिल्या आठवड्यातच दोष ओळखला होता, तर मी त्यालाच म्हटलं की तुझ्यातच खोट आहे. चाचणीत उशीर झाला तो मशिनला झाला. त्याला नाही."

मग शेफाली म्हणाली, "कमाल आहे तुमची." ते कौतुक नव्हतं. "तो आहे का तिथं?"

"हाय, ताई."

"आठ हजारांत तीस फ्रेम तुला नुसत्या दिसल्या?"

"दिसत्यात की."

"शनिवारी दहा वाजता बस. शब्द देत नाही, बघते फक्त. आणि सिद्धनाथ, यापुढं काही खटकलं तर सरळ मला सांगायचं. मधल्या माणसाला नाही."

"व्हय, ताई."

फोन बंद झाला. धनश्रीचे कान तापले होते. मधलं माणूस. त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

"परतीची गाडी तीनला हाय," सिद्धनाथ म्हणाला. "भाकरी खाऊन जा, न्हाईतर आई मला बोलल. अन् पानशेतवाल्याला मी आजच न्हाई म्हणून कळवतो."

"तिला सांगशील का, मी काय केलं ते?"

"म्या न्हाई. तुला सांगायचं तर सांग."

ते उतरू लागले. अर्ध्या वाटेवर त्यानं मागे न पाहता विचारलं, "दरडीचं काम आता कुठं करणार?"

"बघते. पुण्यात कुणाला विचारते."

"कर. ते चांगलं काम हाय." चार पावलं गेल्यावर तो म्हणाला, "पर माझ्या मशिनवर नगं."

"नाही करणार."

अंगणात कोंडाबाईनं पाट मांडला होता. नाचणीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेजारी ठेचा. "खा गं बाई, वाळलीस किती," ती म्हणाली आणि धनश्रीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "माझ्या लेकरासाठी एवढी पायपीट केलीस."

सिद्धनाथ म्हशीला पेंढा टाकत होता. तो वळला नाही.

धनश्रीनं भाकरीचा मोडलेला तुकडा ताटात परत ठेवला.

"मावशी," ती म्हणाली, "आधी माझं ऐकून घ्या. मग वाटलं तर वाढा."